माणसं हवीत, माग नको

ताई,

दीड वर्षापूर्वी मी सोशल मीडियावरचं माझं खातं बंद केलं. तपासणीत छातीत गाठ असल्याचं कळलं होतं. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या दिवसांत मी रात्र रात्र फोनवर त्याविषयी वाचत बसायचे. घरात कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, त्यामुळे फोननं आमचं बोलणं ऐकलं असंही म्हणता येत नाही. तरी तिसऱ्या दिवसापासून त्या साइटवर मला कॅन्सरच्या विम्याच्या आणि केसांच्या टोपांच्या जाहिराती दिसायला लागल्या. गाठ साधी निघाली, पण कुणीतरी आपलं मन चोरून वाचलं असं वाटलं आणि मी खातं बंद केलं.

अडचण अशी, की कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप तिथेच आहे. मध्यंतरी एका जिवलग मैत्रिणीची आई गेली. मला वीस दिवसांनी कळलं, तेही तिसऱ्याच कुणाकडून. मैत्रीण म्हणाली, ‘तू तिथे नाहीस हे माझ्या लक्षातच आलं नाही.’ मुलगी म्हणते, ‘आई, सगळ्यांचाच डेटा जातो.’ नवरा म्हणतो, ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ परत जावं तर हरल्यासारखं वाटतं. न जावं तर माणसं तुटतात. काय करू?

– एक वाचक

*

प्रिय मैत्रीण,

‘गाठ साधी निघाली’ या वाक्यापर्यंत पोचेतो माझा जीव टांगणीला लागला होता. ते आठ दिवस तुम्ही एकटीनं काढलेत आणि तिथेही कुणीतरी डोकावलं, याचा राग तुमच्या पत्रात अजून ताजा आहे. तो असायलाच हवा. पुढे मी तडजोडीच्या बऱ्याच गोष्टी सांगणार आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवते: तुम्ही राईचा पर्वत केलेला नाही.

तुमच्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे आधी वळते, कारण तो मला जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटतो. लपवण्यासारखं आहे काय? त्या आठ रात्री तुम्ही त्यांच्यापासूनही गाठीची गोष्ट लपवली होती. त्यात काही काळंबेरं होतं का? रिपोर्ट येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर नको, इतकंच होतं. कधी सांगायचं, आधी कुणाला सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे तुम्ही ठरवणार होतात. हेलन निसेनबॉम या तत्त्वज्ञ बाईंनी २००४ मध्ये हे फार नेमकं मांडलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रत्येक नात्यात आणि प्रसंगात माहितीनं कुठवर जायचं याची एक रीत असते. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरपाशी योग्य असतं. तेच विमा विकणाऱ्याच्या कानावर गेलं की विश्वास मोडतो, एक शब्दही न बदलता. नवऱ्याशी बोलताना याच गाठीचं उदाहरण द्या. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजेल.

आता हे घडलं कसं, ते पाहू. उपाय त्यातूनच निघतो.

१९९४ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण इंजिनिअरनं कुकी, म्हणजे वेबसाइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी खूण, तयार केली. वेबसाइटला कालचा पाहुणा आज ओळखता यावा, खरेदीच्या यादीत टाकलेली वस्तू पान बदललं तरी यादीत राहावी, एवढ्यासाठी. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण एखाद्या साइटच्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं चित्र किंवा बटण बसवता येतं, आणि मग त्या दुसऱ्या कंपनीलाही तुमच्या ब्राउझरमध्ये आपली खूण ठेवता येते. तीच कंपनी लाखो साइटवर जाऊन बसली, की तुम्ही कुठून कुठे गेलात याचा माग तिच्याकडे आपसूक जमत जातो. एप्रिल २०१० मध्ये फेसबुकनं आपलं लाइकचं बटण इतरांच्या साइटवर लावायला दिलं. ते बटण दाबावंही लागत नसे. पान उघडताना बटण कंपनीकडून मागवलं जाई, आणि मागवतानाच तिला कळे की अमुक खात्याची व्यक्ती आत्ता अमुक पान वाचते आहे. हल्ली हेच काम ‘पिक्सेल’ म्हणून ओळखला जाणारा, डोळ्यांना न दिसणारा कोडचा तुकडा करतो. आरोग्याची माहिती देणाऱ्या साइटवरही असे तुकडे आढळले आहेत. तुम्ही रात्री दोन वाजता एका साइटवर वाचत होतात आणि सकाळी दुसऱ्याच साइटवर जाहिरात आली, ती बहुधा याच वाटेनं.

फोन चोरून ऐकतो का, हा मुद्दा तुम्ही स्वतःच निकालात काढलात, ते बरं केलंत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही ॲप मात्र वापरणाऱ्याच्या स्क्रीनची चित्रं किंवा व्हिडिओ घेऊन बाहेर पाठवत होती. ऐकायची गरजच पडत नाही, कारण आपण काय वाचतो, किती वेळ थांबतो, कुठून परत फिरतो, यातून आपल्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं. घरात तोंडातून न काढलेली गोष्ट तुमच्या बोटांनी त्या आठ रात्री सविस्तर सांगितली होती.

पुढची गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. खातं बंद केल्यानं हा माग पुरता थांबत नाही. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झकरबर्ग अमेरिकी काँग्रेससमोर बसले होते, तेव्हा खातं नसलेल्या लोकांचीही माहिती गोळा केली जाते हे त्यांनी मान्य केलं. सुरक्षेसाठी करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे गेल्या दीड वर्षात तुम्ही मैत्रिणींपासून जितक्या दूर गेलात, तितक्या त्या पाळतीपासून गेलेला नाहीत. माणसं पूर्ण सुटली, माग अर्धाच सुटला. तुमच्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही. त्या रात्री तुमच्या हाताशी तेवढंच एक बटण होतं.

आणि माणसं का सुटावीत? मला याचा खरा राग येतो. आपण फोनची कंपनी बदलली म्हणून कुणाशी बोलणं बंद होत नाही. एका कंपनीचा ईमेल दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर जातो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण या साइटनी आपापल्या भोवती कुंपण घातलं आहे. आतल्या माणसाशी बोलायचं तर आतच यायला हवं आणि आत यायचं तर त्यांच्या अटी मान्य करायला हव्यात. ही तंत्रज्ञानाची मजबुरी नाही, हा धंद्याचा निर्णय आहे. युरोपीय संघानं २०२२ मध्ये डिजिटल मार्केट्स ॲक्ट करून अगदी मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना सांगितलं, की दुसऱ्या सेवांनी मागणी केली तर निरोपांची देवघेव होऊ द्या. कायद्यानं ही गोष्ट सांगावी लागते, यावरून कुंपण किती कामाचं आहे ते कळतं. म्हणून मैत्रिणींना सोडून आल्याचा अपराध स्वतःच्या माथी मारून घेऊ नका. त्यांच्याशी बोलण्यासाठी जी किंमत मागितली गेली, ती अवाजवी होती.

आता तुमचा प्रश्न. माझं मत आहे, की परत जा. पण ज्या दारानं बाहेर पडलात त्या दारानं जाऊ नका.

गेली काही वर्षं अशी पत्रं वाचताना एक भेद माझ्या मनात पक्का झाला आहे. तुमच्या मैत्रिणींना तुमच्याकडून काय हवं असतं? तुम्ही असणं, एखादा फोटो, वाढदिवसाला दोन शब्द, दुःखाच्या वेळी उत्तर. साइटला काय हवं असतं? तुमची फोनमधली नंबरांची यादी, तुम्ही कुठे आहात ते, बाहेर काय वाचता ते, कशापाशी रेंगाळता ते. या दोन याद्यांमध्ये सामाईक फार थोडं आहे. मैत्रिणींपैकी कुणीही तुमचं लोकेशन मागितलेलं नाही. आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून देतो, कारण नोंदणी करताना ते गाठोडं तसंच बांधून समोर येतं. ते सोडवायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास मुलीला शेजारी बसवून घालवा.

खातं नव्या ईमेल पत्त्यावर उघडा, जो तुम्ही खरेदीसाठी, दवाखान्यासाठी, आणखी कशासाठीच वापरत नाही. याचं कारण असं, की दुकानं आणि कंपन्या आपल्या ग्राहकांच्या ईमेल-फोनच्या याद्या जाहिरातींसाठी या साइटना जुळवायला देतात. पत्ता वेगळा असला की जुळणी कठीण होते. फोन नंबर देणं टाळता आलं तर टाळा. सुरक्षेसाठी म्हणून मागितला तरी सावध राहा: खातं सुरक्षित राहावं म्हणून लोकांनी दिलेले नंबर फेसबुकनं जाहिरातींसाठी वापरले, हा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये केला होता. त्याच प्रकरणात कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. खात्याला दुहेरी सुरक्षा (पासवर्डखेरीज एक कोडही) हवीच, पण ती कोड तयार करणाऱ्या ॲपनंही मिळते.

साइटचं ॲप फोनमध्ये घेऊ नका. सगळ्यात जास्त फरक कशानं पडत असेल तर यानं. ॲप फोनच्या आत राहायला येतं आणि नंबर, फोटो, लोकेशन अशी एकेक किल्ली मागत राहतं. त्याऐवजी एक ब्राउझर फक्त या साइटसाठी ठेवा आणि बाकी सगळं वाचन, शोधणं, खरेदी दुसऱ्या ब्राउझरमध्ये करा. एवढ्यानं पिक्सेलचा बराचसा डाव फसतो, कारण तुम्ही ज्या ब्राउझरमध्ये आजाराविषयी वाचता, तिथे तुमच्या खात्याची खूणच नसते. रोजच्या वाचनासाठी फायरफॉक्स किंवा सफारी घ्या. सफारी मार्च २०२० पासून परक्या कंपन्यांच्या कुकी सरसकट अडवतो. फायरफॉक्सनं जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली, एकीचं दुसरीला दिसत नाही. क्रोमही परक्या कंपन्यांच्या कुकी बंद करणार, असं गूगलनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं. जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. तिथे त्या कुकी तुम्हाला स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्या लागतात. आणि ‘या साइटच्या खात्यानं लॉगिन करा’ असं बटण दुसऱ्या कुठल्या साइटवर दिसलं, तर ते कधीच दाबू नका. एका दाबण्यात दोन्ही ब्राउझरमधली भिंत पडते.

इनकॉग्निटोबद्दल, म्हणजे ब्राउझरच्या ‘खासगी’ खिडकीबद्दल, लोकांचा मोठा गैरसमज आहे, म्हणून एक वाक्य: त्यामुळे तुम्ही काय पाहिलं ते घरातल्या दुसऱ्या माणसाला फोनच्या इतिहासात दिसत नाही, पण साइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही दिसत असताच.

यातलं काही राहून गेलं तर राहू द्या. पण एका गोष्टीत मी तुम्हाला मोकळीक देणार नाही. फोनमधल्या नंबरांची यादी कुणालाही देऊ नका.

काही वर्षांपूर्वी मी ती दिली होती. एका साइटनं ‘ओळखीचे लोक शोधू का?’ असं विचारलं आणि मी हो म्हटलं. माझ्या यादीत एका जुन्या सहकारी बाईंचा नवा नंबर होता. घरातला छळ असह्य होऊन त्या बाहेर पडल्या होत्या, दुसऱ्या गावी गेल्या होत्या, आणि तो नंबर त्यांनी आम्हा चौघींनाच दिला होता. थोड्याच दिवसांत त्यांचं नवं, वेगळ्या नावाचं खातं मला ‘तुमच्या ओळखीचे’ म्हणून दिसलं. मला दिसलं, म्हणजे त्यांच्या आधीच्या आयुष्यातल्या आणखी कुणालाही दिसू शकत होतं. मी त्यांना तात्काळ फोन केला. त्यांनी तासाभरात ते खातं पुसलं आणि पुढे नंबरही बदलला. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. पण नवा नंबर त्यांनी मला कधी दिला नाही, आणि त्यांनी योग्यच केलं.

त्या दिवसापासून मी नंबरांच्या यादीला ‘माझी’ म्हणणं सोडलं. ती प्रत्येकानं माझ्याजवळ ठेवायला दिलेली चीज आहे. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेल्याचं प्रकरण आपण राजकारणाचं म्हणून ऐकलं, पण त्याचे आकडे मला याच कारणासाठी आठवतात. ज्या प्रश्नावलीच्या ॲपमधून ती माहिती निघाली, ते उतरवून घेणारे लोक सुमारे २ लाख ७० हजार होते. फेसबुकच्याच अंदाजानं माहिती गेली ती ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतची. बाकीच्यांनी काहीही केलं नव्हतं. ते फक्त कुणाचे तरी मित्र होते.

तुमच्या मुलीला हे आकडे जरूर सांगा. सगळ्यांचाच डेटा जातो, हे तिचं म्हणणं खरं आहे, आणि या पिढीनं ते फार लहान वयात गृहीत धरलं याचं मला वाईट वाटतं. पण तो एकदाच जाऊन संपलेला नसतो, रोज नव्यानं जातो. तीन वर्षांपूर्वी तुम्ही काय वाचत होतात, याला आज फारशी किंमत नाही. या आठवड्यात काय वाचताय, याला आहे. म्हणून आज लावलेली कडी उद्यापासून कामाला येते, कालचं गेलेलं असलं तरी. आणि मुलीशी बोलताना तिची बाजूही विचारा: तुम्ही परत गेल्यावर तिचे फोटो तिथे टाकलेले तिला चालतील का? मुलांना हे कुणी विचारत नाही.

हरल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंत. ही भावना मला कळते, पण ती तुम्हाला चुकीच्या हिशेबाकडे नेते आहे. तुमची लढाई मैत्रिणींच्या ग्रुपशी नव्हती. कुणी न विचारता आत शिरू नये, एवढंच तुमचं म्हणणं होतं. ते म्हणणं घेऊनच तुम्ही आता जाताय, फक्त यावेळी दाराला कडी आहे. ही सोय शंभर टक्के चोख नाही. तुम्ही कोणत्या ग्रुपमध्ये आहात, कुणाशी किती बोलता, काय पाहता, हे साइटला कळणारच. तेवढं मैत्रिणींसाठी देणं मला परवडणारं वाटतं. आजारपण, पैसा, घरातले ताणतणाव यातलं काहीही तिथे लिहायचं नाही आणि तिथल्या शोधपेटीत टाकायचंही नाही. आजाराविषयीच्या ग्रुपमध्येही जाऊ नका, त्यांच्यावर ‘खासगी’ लिहिलेलं असलं तरी. ग्रुपबाहेरच्या लोकांपासून ते खासगी असतात, कंपनीपासून नसतात. तिथला आधार खरा असतो हे मला माहीत आहे, आणि ज्यांना दुसरीकडे आधारच नाही त्यांना मी हे सांगणार नाही. तुम्हाला आहे.

एवढं करूनही ती साइट डोळ्यांसमोर नकोच वाटली, तर दुसरा मार्ग आहे आणि त्यातही कमीपणा नाही. ग्रुपमधल्या एकीला स्पष्ट सांगा, ‘मी तिथे नसते, पण सुखदुःखाची बातमी असली तर मला एक मेसेज टाकत जा.’ सगळ्यांना सांगू नका. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणाचंच नसतं. आणि तिच्या मोबदल्यात ग्रुपचं एखादं काम तुम्ही घ्या, भेटीची जागा ठरवणं, कुणाला फोन करून बोलावणं, असं काहीही. नाही तर आपल्या खासगीपणाचा भार आपण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो. मैत्रिणींनी साइट सोडावी म्हणून त्यांच्या मागे मात्र लागू नका. तुम्हाला जो धक्का बसला तो त्यांना बसलेला नाही, आणि तो शब्दांनी देता येत नाही.

राहिली ती मैत्रीण. ‘लक्षातच आलं नाही’ हे तिचं वाक्य तुम्हाला लागलं आहे, पत्रात ते दिसतं. आई गेल्यावर माणूस एकेकाला शोधून कळवायच्या स्थितीत नसतो. तिनं एकदाच चार ओळी लिहिल्या असतील आणि त्या सगळ्यांपर्यंत पोचल्या असं धरून चालली असेल. या साइटनी तिच्या मनावर तेवढंच बिंबवलं आहे. तिचा नंबर तुमच्याकडे आहे. आज-उद्याच फोन करा, ब्राउझर आणि खात्याचं काम त्यानंतर. तुम्ही तिथे का नव्हता, ते सांगत बसू नका, तिनं विचारलं तरी पुढच्या वेळेवर ढकला. एव्हाना बाकीच्यांचे फोन थांबले असतील. आईविषयी विचारा, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा, आणि तिला बोलू द्या.

तुमची,
ताई